वसुलीचे किलोमीटर

दिनेश गाडीत बसला, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि समोरच्या पडद्यावरचा आकडा त्याने दोनदा वाचला.

"दाजी, एकशे चार. हाई किलोमीटर शेतस का कोणाले ताप उना?"

"किलोमीटर," ईश्वर पाटील म्हणाले आणि फडक्याने आरसा पुसू लागले. आरसा स्वच्छच होता.

दिनेश म्हणजे त्यांचा मेहुणा, रंजनाबाईंचा धाकटा भाऊ. कळसाडीला त्याची कापूस-उसाची शेती आणि धूर सोडणारी जुनी डिझेल जीप. लोणखेड्याला बहिणीकडे आला की आधी चहा, मग चौकशी, असा त्याचा क्रम असे. आज चौकशी आधी निघाली.

"गाडी दिवाळीले लिन्ही. आते होळी उनी. अन् एकशे चार?"

"त्यामा नंदुरबारथीन घर आणी ते चाळीस शेतस," ईश्वर पाटलांनी प्रामाणिकपणे सांगितले.

ईश्वर पाटील गावातल्याच कॉलेजात हेडक्लार्क होते. घर आणि कॉलेज यांच्यामध्ये दोन गल्ल्या. घरून निघताना तोंडात टाकलेली सुपारी कॉलेजात पोचेपर्यंत चघळून संपत नसे. अशा माणसाने विजेवरची गाडी घेतली ती निव्वळ हिशेबाच्या जोरावर. रस्ता कर माफ, जीएसटी कमी, पेट्रोलचा खर्च नाही, तेलपाणी बदलायची कटकट नाही. शिवाय कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात सूट मिळते, असा एक मेसेज त्यांच्या फोनवर आला होता. ही सूट त्यांचे कर्ज मंजूर होण्याच्या कितीतरी आधीच बंद झाली होती, हे विवरणपत्र भरणाऱ्याने सांगितले तेव्हा गाडी दारात उभी होती आणि तिला हार घालून झाला होता. पण त्याआधी महिनाभर ईश्वर पाटलांनी स्टाफरूममधल्या प्रत्येक पेट्रोलवाल्या प्राध्यापकाला गाठून 'तुमचे किती बुडाले' ते समजावून सांगितले होते. एका बाईंनी तर त्यांच्या धाकाने वाट बदलली होती.

"पेट्रोलनी गाडीपेक्षा हाई कितला महाग पडनी?" दिनेशने विचारले.

ईश्वर पाटलांनी रक्कम सांगितली. हळू सांगितली, कारण रंजनाबाई ओट्यावर बसून गहू निवडत होत्या.

"तितला पैसा पेट्रोल वाचाडीसन वसूल कराना शे ना? मंग दाजी, जी गाडी चालसच नही, तिन्हं पेट्रोल वाचई कसं?"

हा प्रश्न इतका सोपा होता की तो ईश्वर पाटलांना कधी पडलाच नव्हता. शोरूममधल्या मुलाने बचतीचा तक्ता दाखवला होता, तो रोज लांब जाणाऱ्या माणसाचा होता. त्या माणसाच्या जागी आपण बसत नाही, हे त्यांच्या लक्षात आले नव्हते.

"ह्या चालवर," दिनेशने मान वर करून मनातल्या मनात गुणाकार केला, "गायत्रीना नातू वसूल करी. इकी टाका."

"नही." विकायचा शब्द ऐकताच ईश्वर पाटलांनी फडके झटकले.

"नुकसान व्हई त्यापेक्षा..."

"इकाव नही," ईश्वर पाटील म्हणाले. "चालाडसू."

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी जाहीर केले, "पुढला रविवारफाईन आपले फिराले जाणं शे."

रंजनाबाईंचा भाकरी उलटणारा हात तव्यावरच थांबला. "कोठे?"

"कोठेबी. पण दूर. तुन्हा नातलगमा जास्तीत जास्त दूर कोण ऱ्हास?"

लग्नाला सव्वीस वर्षे झाली होती. या सव्वीस वर्षांत रंजनाबाईंनी माहेरच्या कुठल्याही लग्नाचे, बारशाचे नाव काढले की ईश्वर पाटील म्हणत, "दिनेश जाई ऱ्हायना ना? मंग त्यामा आपण उनूत." आता हाच माणूस त्यांच्या मावश्या अंतराप्रमाणे लावायला सांगत होता. रंजनाबाईंना आधी काळजी वाटली आणि मग इतका आनंद झाला की भाकरी करपली.

मुलगी गायत्री बरोबर येणार हे ठरलेलेच होते. ती एम.एस्सी., बी.एड. झालेली, शाळांमध्ये अर्ज करून उत्तराची वाट पाहणारी. दिनेशमामाच्या जीपवर ती गाडी चालवायलाही शिकली होती. गाडीच्या पडद्यावर कुठे बोट ठेवले की काय होते, हे घरात तिलाच कळत होते. ईश्वर पाटलांनी एकदा रेडिओ लावायला बोट ठेवले तर सगळ्या काचा खाली गेल्या होत्या.

सुरुवात जवळून करायची म्हणून पहिल्या रविवारी प्रकाशाला रंजनाबाईंच्या सुगंधामावशीकडे गेले. सुगंधाबाई दारात आल्या, गाडीतून उतरणाऱ्या ईश्वर पाटलांकडे पाहिले आणि दाराची चौकट धरली.

"कोण मरनं?"

"कोणीच नही मावशी. सहज उनूत."

"सहज?" सुगंधाबाईंनी भाचीकडे पाहिले. "तू अन् सहज?"

पण खरी अडचण पुढेच होती. बॅटरी जरा खाली आली की ईश्वर पाटील दर मिनिटाला पडद्याकडे पाहत. वाटेत गाडी उभी राहिली आणि कॉलेजातल्या कोणी पाहिली तर? म्हणून ते जिथे जात तिथे उतरल्या उतरल्या प्लग शोधत. घरगुती प्लगवर गाडी हळू चार्ज होते, त्यामुळे तास दोन तासांचा पाहुणचार चार-पाच तासांचा होई. चहा होई, पोहे होत, जेवण होई, पुन्हा चहा होई. वायर मात्र खिडकीतून लोंबतच असे.

आता नवी कोरी गाडी, तिच्यात नटूनथटून बसलेली आई, सोबत शिकलेली उपवर मुलगी, आणि सव्वीस वर्षांत कोणाच्या दारात न गेलेला बाप. तो येतो, कारण सांगत नाही आणि पाच-पाच तास हलत नाही. याचा अर्थ काय ते सुगंधाबाईंना कोणी सांगायला नको होते. त्यांनी संध्याकाळीच सगळीकडे फोन लावले.

"ईश्वर पोर लिसन फिरी ऱ्हायना. तोंडथीन बोलस नही, लाजस बिचारा. तुम्हीच समजी ल्या."

पुढच्या रविवारी नंदुरबारला गेले तर तिथे यजमानांच्या शेजारचे एक कुटुंब 'सहजच' येऊन बसले होते. तळोद्याला दोन कुटुंबे होती. नवापूरला तर एका मुलाचा मामा खास बारडोलीहून आला होता. ईश्वर पाटलांना वाटले, नातेवाइकांना आपल्या गाडीचे कुतूहल आहे. ते सगळ्यांना खूश होऊन गाडीची माहिती देत. लोक माहिती ऐकत आणि डोळे गायत्रीकडे ठेवत.

त्यात ईश्वर पाटलांच्या चौकशा. "घरमा लाइट कितला टाइम ऱ्हास?" "मीटर कोणना नाववर शे?" "अर्थिंग शे का?" असे विचारत ते थेट मीटरच्या फळीपर्यंत जात आणि चष्मा वर करून ती न्याहाळत. माणूस मोठा चिकित्सक आहे, लेक द्यायच्या आधी घराच्या तारासुद्धा तपासतो, अशी त्यांची ख्याती तापीकाठच्या गावागावांतून पसरली. एकाने तर ते येणार म्हणून घरातली जुनी वायरिंग बदलून घेतली.

घरी निरोप यायला लागले. रंजनाबाई रोज एकेक स्थळ सांगत आणि ईश्वर पाटील ऐकून घेत. त्यांना प्रकार कळायला लागला होता. पण 'आम्ही प्लगसाठी येत होतो' असे सांगायचे कोणत्या तोंडाने? ते सांगितले की 'का फिरत होता' हे सांगावे लागणार आणि ते सांगितले की गाडीचा हिशेब चुकला हे गावभर होणार. त्यापेक्षा गप्प बसलेले बरे. शिवाय किलोमीटर सुंदर वाढत होते.

"तो नवापूरना पोऱ्या कसा वाटना तुम्ले?" रंजनाबाईंनी एकदा विचारले.

"चांगला शे. दूर शे."

"दूर शे हाई काय चांगलं व्हयनं का?"

"पोरले भेटाले दर महिनाले जाणं पडी ना," ईश्वर पाटील म्हणाले आणि मग स्वतःच जरा दचकले.

पाचव्या-सहाव्या रविवारी ते निझरच्या बाजूला, तापीकाठच्या एका गावी गेले. छगन पटेल म्हणून केळीवाले बडे शेतकरी होते, रंजनाबाईंच्या चुलतबहिणीचे दीर. त्यांचा मुलगा मिथुन. भिजवून चप्प बसवलेले केस आणि कडक इस्त्रीचा शर्ट, अशा अवस्थेत त्याला ओसरीवर बसवून ठेवले होते. गायत्रीला आत बायकांनी घेरले. भाकरी येते का, नोकरी करणार का, उंची किती, असे प्रश्न सुरू झाले.

ईश्वर पाटील मात्र बाहेर मीटरच्या खोलीत उभे होते, देवळात उभे राहावे तसे. थ्री फेज, छपरावर सोलर, जाड तांब्याच्या वायरी आणि भिंतीवर औद्योगिक प्लग. गाडी दीड तासात भरली.

"छगनभाऊ," ते भारावून म्हणाले, "बठ्ठा जिल्हा फिरनू. असं कनेक्शन माले कोठेच भेटनं नही."

छगनभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. "म्हणजे पसंत शे?"

"पसंत म्हणजे? आपलं तं पक्कं! आते आम्ही आठेच येत ऱ्हासूत."

चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या छगनभाऊंच्या पत्नी तिथेच थबकल्या आणि चहा न देताच आत वळल्या. थोड्या वेळाने आतून पेढे आले. पाहुणचार चांगला आहे, एवढेच ईश्वर पाटलांच्या मनात आले आणि त्यांनी दोन घेतले.

परतीच्या वाटेवर गायत्रीने पडद्याकडे एकदाही पाहिले नाही. तापीचा पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "पप्पा, गाडी बाजूले ल्या."

त्यांनी घेतली.

"तुम्ही माले दाखाडत फिरी ऱ्हायनात का?"

"नही बेटा! मी तं फक्त..." ते थांबले. मागे रंजनाबाईंना डुलकी लागलेली पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "मी तं गाडी चालाडी ऱ्हायनू."

"कसाले?"

"वसूल कराले."

गायत्रीने त्यांच्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते रागाचे होते. "दर रविवारी मी अनोळखी लोकेस्नासमोर बसस. कोणी माले उंची इचारस, कोणी मन्हा दात देखस. अन् तुम्ही तठे प्लग देखतस? मी आते येणार नही. अन् त्या लोकेस्ले आजच फोन करीसन सांगा, कसाले जायेल व्हतात ते."

गायत्रीचा हट्ट बापाकडून आला होता, त्यामुळे तो मोडता येणार नाही हे बापाला माहीत होते. घरी येऊन त्यांनी फोन लावला.

"छगनभाऊ, जरा गैरसमज व्हयना वाटस..."

"गैरसमज कसाना भाऊ!" पलीकडून आनंदाचा आवाज आला. "आम्हीच येतस रविवारे तुम्हाकडे. चार लोके आणतस मोठला."

"नही, ते मी प्लगनं..."

"या म्हणा ना भाऊ!"

"या," ईश्वर पाटलांच्या तोंडून निघून गेले. घरी येतो म्हणणाऱ्याला खानदेशात दुसरे उत्तर देता येत नाही.

रविवारी तीन गाड्या दारात लागल्या. फेटेवाले दोन म्हातारे, नारळ, साडी, पेढ्यांची टोपली आणि पुन्हा केस भिजवलेला मिथुन. रंजनाबाईंनी शेवभाजीचा रस्सा चढवला होता आणि पुऱ्या लाटायला दोन शेजारणी बोलावल्या होत्या. बातमी ऐकून दिनेशही जीप घेऊन हजर झाला. गायत्री आतल्या खोलीत दाराला पाठ लावून उभी होती. "तुम्ही सांगशात का मी येऊ बाहेर?" एवढेच तिने बापाला सांगून ठेवले होते.

ईश्वर पाटील घसा साफ करून म्हणाले, "मंडळी, एक सांगानं व्हतं..."

"काही सांगू नका," छगनभाऊंनी हात जोडले. "आम्ले काहीच नको. ना सोनं, ना हुंडा. नारळ अन् पोर. बस."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

"आते राहनी गाडी," छगनभाऊ पुढे म्हणाले, "ती तं पोरसंगे येईच. ती काय मांगानी गोष्ट शे का?"

"कोणती गाडी?" ईश्वर पाटलांनी विचारले.

"हाई, दारमानी. तुम्हीच गावगाव दाखाडी ना सर्वास्ले."

ईश्वर पाटील ताडकन उभे राहिले. इतके दिवस जे तोंडातून निघत नव्हते ते आता कोणी अडवले असते तरी थांबले नसते.

"गाडी? गाडी ह्या दारमाईन हालाव नही! आजून वसूल व्हयनी नही ती!"

"वसूल?"

"तुम्हाघर मी काय सोयरीक जमाडाले उन्तू का? मी किलोमीटर वाढाडाले उन्तू! गाडी उभी राहनी तं पेट्रोल वाचस नही, म्हणून फिरनू. प्रकाशाले त्यानाकरता गऊ, नवापूरले त्यानाकरता गऊ, अन् तुम्हाकडेबी त्यानाकरताच! पोर बिचारी पडदा चालाडाले संगे व्हती!"

स्वयंपाकघरातले लाटणे थांबले.

छगनभाऊ जागेवरच पुढे सरकले. "मंग त्या दिन आम्ही पेढा दिन्हात, जेवाडं, तव्हय तुम्ही..."

"चार्जिंग चालू व्हती."

"अन् कनेक्शन पसंत शे बोलनात ते?"

"विजेनं!"

मिथुन पहिला हसला. त्याने रुमाल तोंडावर धरला, पण हसू रुमालातून फुटले. दाराआड गायत्रीलाही आवरेना. मग एक फेटेवाले म्हातारे हसले, त्यांच्या मागोमाग दुसरे. दिनेशने तर जमिनीवर बसकण मारली. हसले नाहीत ते फक्त छगनभाऊ. आणि रंजनाबाई, ज्यांना आत्ता कळत होते की आपल्या मावश्या कशासाठी मोजल्या जात होत्या.

"बापा," मिथुन डोळे पुसत म्हणाला, "मी तं तुम्ले पहिलेच सांगी ऱ्हायन्तू, माले आजून दोन वरीस लगीन करनं नही."

छगनभाऊ उठले. नारळ उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. तेवढ्यात पहिल्या म्हाताऱ्याने रश्श्याचा वास घेतला आणि शांतपणे विचारले, "जेवण तं शे ना?"

सगळे जेवले. खानदेशात सोयरीक मोडली म्हणून कोणी शेवभाजी सोडत नाही. निघताना छगनभाऊ गाडीजवळ थांबले, तिच्या बोनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "ईश्वरभाऊ, पुन्हा या. पण आते युनिटप्रमाणे पैसा लागतीन."

सोमवारी कॉलेजात ही गोष्ट ईश्वर पाटलांच्या आधी पोचली होती. पेट्रोलवाले प्राध्यापक रांगेने येऊन 'कनेक्शन कसे आहे' विचारून गेले. त्या वाट बदलणाऱ्या बाईसुद्धा मुद्दाम ऑफिसातून गेल्या. ईश्वर पाटलांना आश्चर्य वाटले ते याचे की आपल्याला फारसे काही वाटत नाही. हिशेब चुकला होता, सगळ्यांना कळला होता आणि आता लपवायला काही उरले नव्हते. त्या दिवशी त्यांना बऱ्याच दिवसांनी दुपारी डुलकी लागली. रविवारच्या फेऱ्या बंद झाल्या. गाडी पुन्हा दारात उभी राहिली आणि तिच्यावर चिमण्या बसू लागल्या.

घरात मात्र रंजनाबाई बोलेनाशा झाल्या होत्या. ताट वाढत आणि जात. "तुम्ही मन्हा नातलगस्ले भेटाले नही, रस्ताले भेटाले जात व्हतात," एवढे एकच वाक्य त्यांनी बोलून ठेवले होते.

आठवड्याभरात गायत्रीला तळोद्याच्या एका शाळेतून फोन आला. विज्ञान शिक्षिका, रुजू सोमवारी.

"बस शे तळोदाले," ईश्वर पाटील म्हणाले. "दर तासले."

"बसले रोज तिकीट लागी," गायत्री म्हणाली. "गाडी लिसन गऊ तं रोज वसुली. जाताना वसुली, येताना वसुली. दोनेक वरीस मन्ही नोकरी राहनी तं तुम्ही दिनेशमामाले तोंड दाखाडशात. बोला."

ईश्वर पाटलांनी तोंड उघडले. रोज जाणे-येणे तळोदा, गुणिले महिने, वजा वीज. दोन वर्षे जरा कमी पडत होती, पण ती नोकरी टिकवली तर हिशेब चक्क जुळत होता. आजवर त्यांनी मांडलेल्या सगळ्या हिशेबांत हा एकच खरा होता आणि तो दुसऱ्यानेच मांडला होता.

"संभाळीसन चालाड," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी त्यांनी स्वतः गाडी पुसली, हवा पाहिली, वायर गुंडाळून मागे ठेवली. गायत्री साडी सावरत स्टिअरिंगवर बसली. आणि तिच्या शेजारच्या दारातून, मोतिया रंगाची नवी साडी नेसून, पिशवीत लाडवांचा डबा घेऊन रंजनाबाई आत बसल्या.

"तू कोठे?"

"तळोदाले मन्ही मावसबहीण शे. गायत्री शाळामा राही तवपावत तिनाघर बससू. उद्या दुसरीकडे जासू." आठवडाभराच्या अबोल्यानंतरच्या त्या स्वरात राग नव्हता. निघायची घाई होती. "दुपारनी भाकर करेल शे. भाजी तेवढी तुम्ही करी ल्या."

गाडी आवाज न करता गल्लीच्या वळणावर गेली आणि दिसेनाशी झाली.

दुपारी जेवायच्या सुट्टीत ईश्वर पाटील घरी आले. टोपलीतून चार वांगी काढली, चिरली, कढई ठेवली आणि मग त्यांच्या लक्षात आले की तेल कुठे असते हे आपल्याला माहीत नाही. त्यांनी रंजनाबाईंना फोन लावला. तो बराच वेळ वाजला. मग बायकांच्या खळखळून हसण्याचा मोठा आवाज आला आणि त्यातून रंजनाबाई म्हणाल्या, "आते ठेवा. आम्ही जेवाले बठेल शेतस."

ईश्वर पाटलांनी फोन ठेवला, गॅस बंद केला आणि भाकरी कांद्याबरोबर खाल्ली. कांदा बराच तिखट होता.